कुटाराच्या खोलीतले तीन दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

28 मे रोजी मासिक पाळी स्वच्छता दिनानिमित्त आपल्या पुरवणीत पूर्ण पान आलं होतं. मी ते अंगणवाडीत आमच्या मदतनीस बाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. पॅड कोणतं घ्यावं, किती तासांनी बदलावं, वापरलेलं कुठं टाकावं, सगळं होतं. पाळीचं चक्र साधारण 28 दिवसांचं आणि रक्तस्राव सरासरी पाच दिवसांचा, म्हणून पाचव्या महिन्याची 28 तारीख निवडली, हेही त्यात कळलं. लेख चांगलाच होता. पण पहिल्यांदा रक्त दिसल्यावर पोरगी जी घाबरते, त्या भीतीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

मी मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात 29 वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. वय 57.

गेल्या जानेवारीत तुरीची सोंगणी चालू होती. रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या फाटकाची कडी वाजली. बाहेर मागच्या गल्लीतला एक शेतकरी उभा, हातात बॅटरी. आत या म्हटलं तर येईना. म्हणाला, "ताई, कुटाराच्या खोलीत रगत दिसलं. बैलाले पाहिलं, खुरं पाहिले, शिंगाच्या मुळात पाहिलं. दोन्ही बैल चांगले हायत." मग बराच वेळ गप्प राहिला. "पोरगी तीन दिवसांपासून तिथंच जाऊन बसते. शाळेत गेली नाही. विचारलं तर बोलत नाही."

त्याची बायको दीड वर्षापूर्वी वारली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. मागं मुलगी सातवीतली आणि मुलगा तिसरीतला.

मी चप्पल घातली आणि गेले. पोरगी कुटाराच्या, म्हणजे बैलांच्या भुशाच्या, ढिगाला पाठ लावून बसली होती. आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे करून वापरत होती आणि वापरलेले तुकडे हातानं कुटार उकरून खाली दाबत होती. माझ्याच अंगणवाडीतून शिकून गेलेलं लेकरू, मला अजून बाईच म्हणतं. मी जवळ बसले तर तिनं हळूच विचारलं, "बाई, मी बी मायसारखी मरतो का? मायलेबी असंच झालं होतं."

त्या तीन दिवसांत तिनं लहान भावाला खिचडी लावायला शिकवलं होतं. किती तांदूळ, किती डाळ, कुकरच्या किती शिट्ट्या. राशन कार्ड कोणत्या डब्यात आहे ते दाखवून ठेवलं होतं. हे मला नंतर त्या पोराकडून कळलं. बारा वर्षांची पोरगी तीन दिवस आपल्या मरणाची तयारी करत होती आणि बाजूच्या खोलीत बाप जेवत होता, झोपत होता. त्याला दोष देत नाही. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. आई गेल्यावर पोरीला हे कोण सांगणार, हा विचार गावात मलाही सुचला नाही, आणि माझं तर कामच ते आहे.

मी तिला म्हटलं, "घाबरू नको, तुला काही होत नाही." तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मग माझ्या ध्यानात आलं की तिच्या आईच्या खाटेजवळ उभं राहून आम्ही सगळ्या बाया हेच म्हणत होतो. घाबरू नको, बरी होशील. त्या पोरीनं ते सगळं ऐकलेलं होतं. आता तिनं माझ्यावर विश्वास का ठेवावा?

मग मी तिला घरी घेऊन आले. कढत पाण्यानं अंघोळ घातली, पॅड कसं लावायचं ते दाखवलं, चहा दिला. औषधाच्या बाटलीसोबत पाच मिलीचा प्लॅस्टिकचा चमचा येतो ना, तो घेतला. वाटीत पाणी घेऊन त्यात कुंकू कालवलं. म्हटलं, मोज. तिनं सात चमचे मोजून दुसऱ्या वाटीत टाकले. वाटीचा तळ कसाबसा झाकला. मग ते सात चमचे मी एका पांढऱ्या फडक्यावर ओतले. बघता बघता सगळं फडकं लाल झालं. पोरगी दचकून मागं सरकली. मी सांगितलं, चार-पाच दिवसांत मिळून सगळं जातं ते साधारण एवढंच, 30 ते 40 मिली. तुझ्या अंगात अडीच-तीन लिटर रक्त आहे. फडक्यावर पसरतं म्हणून खूप वाटतं. तिनं परत सात चमचे मोजले, परत ओतले. असं तिनं तीनदा केलं. तिसऱ्यांदा ओतून झाल्यावर म्हणाली, "बाई, भूक लागली."

पुढचं मी तिला जेवताना सांगितलं. आमचं घर मागच्या बाजूनं अजून मातीचं आहे, ते तिनं पाहिलेलं. पोटात खाली मुठीएवढी पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात. दोन बाजूंना दोन अंडाशयं. दर महिन्याला साधारण एक बीज तयार होऊन सुटतं. बाळ राहिलंच तर त्याला जागा हवी म्हणून ही पिशवी आतून रक्ताचं मऊ सारवण करून ठेवते. सुटलेलं बीज एका दिवसाहून जास्त टिकत नाही. बाळ राहिलं नाही की ते सारवण टिकवून धरणारं संप्रेरक कमी होतं, जुनं सारवण पोपडा सुटावा तसं सुटतं आणि बाहेर येतं. मग पिशवी नव्यानं सारवायला घेते. जखम कुठंच नसते. पोटात कळ येते, कारण पिशवीचा स्नायू आवळून ते बाहेर ढकलतो. पहिले एक-दोन दिवस ओटीपोट, कंबर, मांड्या दुखतात. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटावर धरली की बरं वाटतं. पहिली एक-दोन वर्षं पाळी कधी तीन आठवड्यांनी येते, कधी दीड महिन्यानंही येते, तेवढ्यानं घाबरून जायचं नाही.

तिनं एकच प्रश्न विचारला. "मग मायले काय झालं होतं?"

संपादक महोदय, या प्रश्नासाठीच मी पत्र लिहायला बसले आहे.

तिची आई 36 वर्षांची होती. पोषण आहाराचं पाकीट न्यायला आली तेव्हा एकदा मला म्हणाली होती, "ताई, महिन्यातून दोन-दोनदा येते, मधातच लागते." मी घाईत होते, रजिस्टर भरत होते. मी म्हटलं, या वयात होतं असं, अशक्तपणा असेल, गोळ्या घे. तिनंही ते मानलं. नंतर घाण वास यायला लागला, कंबर धरली, तरी वर्षभर तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, कारण हे बाईचं आहे, सांगायचं नसतं. सोयाबीन निघाल्यावर जाऊ, कापूस विकल्यावर जाऊ, असं चाललं. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. दोन पाळ्यांच्या मधात रक्त जाणं, नवराबायकोच्या संबंधानंतर जाणं, पाळी कायमची बंद झाल्यावर परत अंगावर जाणं, यातलं काहीही झालं तर तपासणी करायलाच हवी. दरवेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं. रजिस्टरमधून मान वर करून मी तिला एक प्रश्न विचारला असता, तर काय झालं असतं ते मला आता कधीच कळणार नाही.

आईला ज्याची भीती वाटायला हवी होती त्याची वाटली नाही, आणि लेकीला ज्यात भिण्यासारखं काही नव्हतं त्यानं कुटाराच्या खोलीत नेऊन बसवलं. दोघींशी कोणी बोललंच नव्हतं. पोरीला मी खरं तेच सांगितलं. मायचा आजार वेगळा होता, तो पाळीमुळं झाला नव्हता, एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो, आणि तो टाळण्याची लस 9 ते 14 वर्षांच्या मुलींना देता येते. माझी चूक मात्र मी तिला अजून सांगितलेली नाही. ती मोठी झाल्यावर सांगणार आहे.

माझी स्वतःची पहिली पाळी 1981 सालची. कापूस वेचायला गेले होते. वाटलं पऱ्हाटीचं खुंट लागलं. कुठं लागलं ते शोधत राहिले, सापडलं नाही. मोठ्या मायनं पाहिलं आणि पहिला शब्द बोलली, "गप. कोणाले सांगू नको." पाच दिवस ओसरीत पोत्यावर. पाण्याचा गडगा वेगळा, ताट वेगळं. भाऊ खेळता खेळता जवळ आला तर "शिवू नको, कावळा शिवला तिले." मी कितीतरी दिवस कावळ्याला घाबरत होते. फडकी तुराट्यांच्या गंजीमागं वाळवायची, कारण सापाची नजर पडली तर कूस उजवत नाही म्हणे. तिथं ऊन लागत नाही, फडकं ओलसरच राहतं, आणि तेच परत घ्यायचं. मग खाज, पुरळ, आणि तेही सांगायचं नाही. फडकं वाईट नसतं. साबणानं धुवून कडक उन्हात वाळवलेलं सुती फडकं चालतं. आम्हाला ऊनच मिळू दिलं नाही.

हे सगळं जुनं झालं असं शहरातल्या वाचकांना वाटेल. आमच्या गावात पाळीत पापड लाटले तर तळताना तांबडे पडतात, हे आजही सुशिक्षित सुना मानतात. गडचिरोलीकडं भामरागड, एटापल्ली भागात माडिया बायांना पाळीत गावाच्या कडेला असलेल्या कुर्मा घरात राहावं लागतं. त्याच्या बातम्या वाचून आमच्याकडं लोक हळहळतात. पण आमच्या ओसरीतलं पोतं कोणाला दिसत नाही.

मी स्वतः सेविका झाल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं घरी बाहेर बसत होते. दिवसा बायांना सांगायचं की विटाळ वगैरे काही नसतो, आणि संध्याकाळी घरी येऊन पोत्यावर बसायचं. एका वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशीच पाळी आली. जाऊ बाळंतपणाला माहेरी गेलेली, सासूबाईंचा हात मोडलेला. स्वयंपाक कोण करणार? मी कोणाला काही बोलले नाही. पुरणपोळी केली, सोळा भाज्या केल्या, आंबील केली, महालक्ष्म्यांना नैवेद्य दाखवला. पोटात भीती होतीच, रात्रभर झोप लागली नाही. त्या वर्षी कोणी आजारी पडलं नाही, गाय व्याली, सोयाबीन बरं झालं. सात वर्षांनी धीर करून सासूबाईंना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले समजलं होतं व. म्या बी एकदा केलं होतं." म्हणजे आम्ही दोघी एकाच घरात, एकीला दुसरीची भीती. त्या दिवसापासून आमच्या घरातलं पोतं उठलं.

महालक्ष्म्या आणि शेगावची वारी आली की मेडिकलवर पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या चॉकलेटासारख्या खपतात. डॉक्टरला न विचारता. या गोळ्या संप्रेरकाच्या असतात. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा काविळीचा त्रास झालेल्या बाईनं त्या अशा घेणं धोक्याचं आहे. देवीपुढं उभं राहता यावं म्हणून बाई अंगावर धोका घेते, याचं मला फार वाईट वाटतं. आमच्याच जिल्ह्यातलं मेहुणा राजा हे चोखोबांचं जन्मगाव मानतात. त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी देवालाच विचारलं होतं, देहाचा विटाळ देहातच जन्मतो, विटाळावाचून जन्मलेला कोण आहे ते सांग. आपण वारीत त्यांचे अभंग म्हणतो आणि घरी येऊन पोतं अंथरतो.

आता शाळेचं. मासिक पाळीचं चक्र आकृतीसह दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात आहे. पाळी येते सहावी-सातवीत, हल्ली कधी कधी पाचवीतसुद्धा. तीन-चार वर्षं पोरगी आकृतीविना काढते. आणि दहावीतही तो धडा "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून देणारे असतात. सर लाजतात, पोरी माना खाली घालतात, पोरं एकमेकांना कोपरं मारतात. मागच्या वर्षी एका मुलीच्या स्कर्टवर डाग पडला तर दोन पोरांनी तिला आठवडाभर चिडवलं. ती पोरं दुष्ट नाहीत, तीही माझ्याच अंगणवाडीतली. त्यांना मी बोलावून तेच सात चमचे मोजायला लावले. त्यातला एक रडला, कारण त्याला वाटायचं की आपली बहीण दर महिन्याला आजारी पडते आणि घरचे लपवतात.

काही आया मला म्हणतात, "आत्ताच कायले सांगता बाई, पोट्ट्या बिघडतीन." मी त्यांना विचारते, पेरणीच्या आधी बियाणं आणून ठेवता की नाही? पाऊस पडल्यावर दुकानात धावलं तर काय मिळतं? नवव्या-दहाव्या वर्षी सांगितलं तर पोरगी शांतपणे ऐकते. रक्त दिसल्यावर सांगितलं तर तिला अर्धं ऐकूच येत नाही, हे मी त्या रात्री पाहिलं.

आणखी एक भीती आहे, निळ्या गोळीची. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतो. ती घेतल्यावर शौचाला काळं होतं, पोरी घाबरतात आणि गोळ्या दप्तरातून गटारात जातात. काळं होतं ते लोहामुळं, त्यात काही वाईट नाही. जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही, वरून लिंबू किंवा आवळा खाल्ला तर उत्तम. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. आधीच रक्त कमी असलेल्या पोरीला पाळीत चक्कर आली की घरचे म्हणतात, पाळीनं अशक्त केली. गोळी घेतली असती तर आली नसती, असं कोणी म्हणत नाही. बाकी डॉक्टरकडं कधी न्यायचं तेही आईबापांना माहीत हवं. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, एकदा सुरू झाल्यावर तीन महिने आली नसेल, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही आलीच नसेल, किंवा दुखण्यानं दर महिन्याला शाळा बुडत असेल. लाज बाळगून घरी बसू नये.

त्या पोरीच्या बापाबद्दल लिहायला हवं. दुसऱ्या महिन्यात तो स्वतः पॅड आणायला दुकानात गेला. आशाताईंकडं सहा रुपयांना सहा मिळतात, जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक मिळतं, पण आशाताई त्या दिवशी बाहेरगावी आणि जनऔषधी केंद्र तालुक्याला. दुकानदारानं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, वरून काळ्या पन्नीत टाकलं. बापानं ते घरी आणून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं, पोरीचा हात सहज पोचेल तिथं. त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. तो त्यावर दुधाचा हिशेब लिहितो. आता पोरगी त्याच पानावर पेन्सिलनं आपल्या तारखांना टिंबं देते. जानेवारीत पाच, मग थेट मार्चमध्ये चार. बाप मला विचारायला आला, "ताई, फेब्रुवारी कोरा गेला, काही वावगं तं नाही?" मी म्हटलं, सुरुवातीला होतं असं, वाट पाहा. हे विचारताना त्याची मान खाली नव्हती.

माझी विनंती एवढीच. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधी हे पत्र छापा, आणि जमलं तर महिलांच्या पुरवणीत नको, शेतीभावाच्या पानावर छापा. ते पान आमच्याकडं पुरुष वाचतात. पॅडची पुडकी ज्या कागदात बांधतात तो कागद वर्तमानपत्राचाच असतो, त्यात एकदा तरी हे छापलेलं असू दे.

या वर्षी आमच्या गावात चौथी ते सहावीत अकरा मुली आहेत, ज्यांना अजून काही सांगितलेलं नाही. येत्या शनिवारी त्यांना अंगणवाडीत बोलावलं आहे. चमचे, कुंकू आणि पांढरी फडकी काढून ठेवली आहेत. पाणी कोण मोजणार ते त्या पोरीनं आधीच ठरवलं आहे, तीच मोजणार. तिचा बाप काल दूध घालून परत जाताना थांबला. म्हणाला, "ताई, शनिवारी आणखी चार बापांना घेऊन येतो. आम्ही बाहेर ओट्यावर बसू."

मी म्हटलं, बाहेर कशाला, आत या.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. मेहकर, जि. बुलडाणा

(नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो छापू नये, गाव लहान आहे, मुलीची ओळख पटेल. पत्र मात्र मुलीला आणि तिच्या वडिलांना दाखवून, त्यांच्या संमतीनं पाठवत आहे. आईच्या आजाराबद्दलचा माझ्या चुकीचा मजकूर वडिलांना मी स्वतः वाचून दाखवला. मुलीसाठी तेवढा भाग सध्या झाकून ठेवला आहे.)